वेळापत्रक कोणाचे?

तालुक्याच्या गावचे बसस्थानक आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. तेथे एक खिडकी असते आणि तिच्यावर 'चौकशी' अशी पाटी असते. आत वाहतूक नियंत्रक बसलेले असतात. त्यांच्यापुढे एक नोंदवही, एक ध्वनिक्षेपक, आणि बाहेर दाटीवाटीने उभी असलेली माणसे. प्रत्येकाचा प्रश्न थोड्याफार फरकाने एकच असतो. आमची गाडी किती वाजता? ती गेली की अजून यायची आहे? नियंत्रक बिचारे दिवसभरात तेच उत्तर शेकडो वेळा देतात आणि कधी कंटाळून 'लागेल आता' एवढे म्हणून मोकळे होतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. शंभर माणसांना हवी असलेली माहिती एका नोंदवहीत आणि एका माणसाच्या स्मरणात कोंडून ठेवली, म्हणजे खिडकीपाशी दाटी व्हायचीच.

आम्ही येथे ज्या विषयाचा विचार करणार आहोत तो दिसावयास अगदी नवा आहे. सार्वजनिक वाहतूक चालविणाऱ्या संस्थांजवळ व सरकारी खात्यांजवळ संगणकांत साठलेली माहिती नागरिकांना, आणि नागरिकांसाठी संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मंडळींना, खुली करावी की नाही. करावी तर कशी. आणि तसे केल्याने नेमके काय साधते, हा तो विषय. परंतु मुळात तो त्या खिडकीचाच प्रश्न आहे, आणि तो वाटतो त्याहून पुष्कळ जुना आहे.

ब्रॅडशॉची गोष्ट

इंग्लंडमध्ये आगगाड्या सुरू होऊन थोडीच वर्षे झाली होती, त्या वेळची ही हकीकत. मँचेस्टर येथे जॉर्ज ब्रॅडशॉ नावाचे एक नकाशे कोरणारे व छापणारे गृहस्थ होते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांच्या वेळा एका पुस्तकात एकत्र छापाव्यात, असे त्यांच्या मनात आले आणि १८३९ साली त्यांनी तसे पुस्तक काढले. पुढे 'ब्रॅडशॉ' हा शब्दच इंग्रजीत वेळापत्रकाचा पर्याय होऊन बसला. ते प्रकाशन १९६१ पर्यंत चालले, आणि हिंदुस्थानातही 'इंडियन ब्रॅडशॉ' या नावाचे वेळापत्रक पिढ्यान्‌पिढ्या प्रवाशांच्या हाती होते.

या हकीकतीतील आपल्या उपयोगाचा भाग पुढेच आहे. असे सांगतात, की आरंभी रेल्वे कंपन्या आपल्या वेळा ब्रॅडशॉंना द्यावयास राजी नव्हत्या. त्यांची भीती अशी, की वेळा एकदा छापून प्रसिद्ध झाल्या म्हणजे गाडी वेळेवर सोडणे हे आपल्यावर एक बंधनच होऊन बसेल. ही भीती अगदी रास्त होती! वेळापत्रक हे एक वचन आहे. ते कार्यालयाच्या कपाटात आहे तोवर फक्त वचन देणाऱ्याला ठाऊक असते. ते लोकांच्या हाती पडले, की पाळले किंवा मोडले हे कोणालाही ताडून पाहता येते. आज दीडशेहून अधिक वर्षांनंतर माहिती खुली करण्याविरुद्ध जी कारणे पुढे केली जातात, त्यांतील पुष्कळांच्या तळाशी हीच जुनी धास्ती आहे, असे आम्हांस वाटते.

पोर्टलंडमध्ये काय घडले

आता अलीकडे येऊ. अमेरिकेच्या ओरेगन राज्यात पोर्टलंड हे शहर आहे. तेथील बस व रेल्वे 'ट्रायमेट' ही सार्वजनिक संस्था चालविते. या संस्थेच्या संगणक विभागात बिबियाना मॅकह्यू या अधिकारी होत्या. परगावी गेल्या असता त्यांना असे आढळले, की स्वतःच्या मोटारीने कोठे कसे जावे हे संगणकावर चटकन कळते. पण बसने किंवा रेल्वेने जावयाचे तर प्रत्येक संस्थेचे निराळे संकेतस्थळ धुंडाळावे लागते. त्यांनी नकाशे पुरविणाऱ्या कंपन्यांकडे विचारणा केली. गूगलमध्ये क्रिस हॅरेलसन नावाचे एक अभियंते याच कल्पनेवर काम करीत होते. त्यांच्याशी गाठ पडली. ट्रायमेटने आपले वेळापत्रक साध्या तक्त्यांच्या स्वरूपात दिले आणि डिसेंबर २००५ मध्ये पोर्टलंड हे गूगलच्या नकाशावर सार्वजनिक वाहतुकीने प्रवास आखता येणारे पहिले शहर ठरले.

येथवर ही एका संस्थेची आणि एका कंपनीची देवघेव झाली. एवढ्यावर ती थांबली असती, तर आम्ही तिचा उल्लेखही केला नसता. महत्त्वाची गोष्ट पुढे घडली. त्या तक्त्यांचा आराखडा २००६ साली सर्वांसाठी प्रसिद्ध करण्यात आला. त्याला आज 'जीटीएफएस' या आद्याक्षरांनी ओळखतात. यातील 'जी' हे अक्षर आधी 'गूगल'चे होते. पुढे तो आराखडा कोणा एका कंपनीचा राहिला नाही, म्हणून त्याच अक्षराचा अर्थ 'जनरल', म्हणजे सर्वसामान्य, असा करण्यात आला.

सहा तक्ते

हा आराखडा कसा आहे ते थोडक्यात सांगितले पाहिजे. कारण 'खुली माहिती' असे नुसते म्हटल्याने काहीतरी गूढ प्रकार असावा असे वाटते. वास्तविक तो इतका साधा आहे, की एखाद्या हुशार हेडक्लार्कने सुचविला असता.

समजा, आपल्याला एका शहराची बससेवा कागदावर मांडावयाची आहे. पहिल्या तक्त्यात संस्थेचे नाव लिहू. दुसऱ्यात सर्व थांबे: प्रत्येक थांब्याला एक क्रमांक, त्याचे नाव, आणि तो पृथ्वीवर नेमका कोठे आहे हे सांगणारे अक्षांश-रेखांश. तिसऱ्यात मार्ग, म्हणजे लोक ज्याला 'अमुक नंबरची बस' म्हणतात तो. चौथ्यात फेऱ्या, कारण एकाच मार्गावर दिवसातून चाळीस फेऱ्या होत असतील, तर प्रत्येक फेरी ही निराळी नोंद आहे. पाचवा तक्ता सर्वांत लांब: कोणती फेरी कोणत्या थांब्यावर किती वाजता पोहोचते. आणि सहाव्यात दिनक्रम: कोणत्या फेऱ्या रोज, कोणत्या रविवारी बंद. अपवादांसाठी आणखी एक पुरवणी तक्ता जोडता येतो. अनंत चतुर्दशीला मिरवणुकीमुळे मार्ग बदलणार असतील तर तेवढ्या एका तारखेची नोंद त्यात करावी. हे सारे तक्ते स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या मजकुराचे असतात. ते एकत्र बांधून एका ठरलेल्या पत्त्यावर ठेवावयाचे, की काम झाले.

या आराखड्यातील एक बारकावा आम्हांला फार आवडतो. मुंबईतील शेवटची कर्जत लोकल मध्यरात्र उलटल्यावर सुटते. पंचांगाप्रमाणे पाहावे की घड्याळाप्रमाणे, ती कोणत्या दिवसाची गाडी? शनिवारी रात्री नाटक पाहून परतणारा माणूस तिला शनिवारचीच गाडी समजतो, जरी घड्याळाने रविवार लागलेला असतो. या आराखड्यात अशा गाडीची वेळ रात्री बारानंतर पुन्हा शून्यापासून न मोजता चोवीस, पंचवीस अशी पुढे मोजतात. रात्रीचा सव्वाचा सुमार असेल तर '२५ वाजून १५ मिनिटे'. म्हणजे ती गाडी आदल्या दिवसाचीच राहते. ज्यांनी हे ठरविले त्यांनी प्रवाशाच्या मनातला दिवस लक्षात घेतला होता. चांगली सार्वजनिक व्यवस्था अशा बारकाव्यांतून ओळखू येते.

हे झाले ठरलेल्या वेळांचे. गाडी प्रत्यक्षात कोठे आहे, ती किती उशिराने धावते, आणि एखादा थांबा आज बंद आहे काय, हे क्षणोक्षणी कळविण्यासाठी २०११ साली या आराखड्याला जोड देण्यात आली. पहिल्या भागात वचन असते. दुसऱ्यात ते कितपत पाळले जात आहे त्याची वार्ता असते. दोन्ही शेजारी ठेवली, म्हणजे ब्रॅडशॉंच्या काळच्या कंपन्या ज्याला भीत होत्या तेच नेमके घडते.

दार उघडल्यावर

'खुली' या शब्दाचा अर्थ येथे नीट ठरविला पाहिजे. एखाद्या कार्यालयाने आपले वेळापत्रक छायाचित्रासारख्या पीडीएफ पानांवर चिकटवून संकेतस्थळावर टाकले, तर माणसाला ते वाचता येते, पण संगणकाला त्यातून काही शोधता येत नाही. खुली माहिती म्हणावयाची तर ती यंत्राला वाचता आली पाहिजे, कोणालाही विनाशुल्क घेता आली पाहिजे, ती ताजी असली पाहिजे, आणि तिचा उपयोग करण्याची परवानगी लेखी दिलेली असली पाहिजे. यांपैकी शेवटची अट पुष्कळदा विसरली जाते. २००९ साली न्यूयॉर्कमध्ये एका प्रोग्रॅमरने उपनगरी गाड्यांच्या वेळा दाखविणारे अ‍ॅप तयार केले, तेव्हा तेथील वाहतूक प्राधिकरणाने वेळापत्रकावर आपला स्वामित्वहक्क सांगून त्याच्याकडे शुल्काची मागणी केली. लोकांच्या पैशांनी चालणाऱ्या गाडीची वेळ लोकांना सांगितली, म्हणून दंड! त्यावर पुष्कळ टीका झाली आणि २०१० च्या आरंभी त्याच प्राधिकरणाने आपली माहिती सर्वांना खुली केली. चूक सुधारावयास त्यांनी फार काळ घेतला नाही, हेही त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे.

बोस्टन शहराने २००९ साली मोजक्या बसमार्गांची क्षणोक्षणीची स्थिती प्रयोगादाखल खुली केली. संस्थेने स्वतः कोणतेही अ‍ॅप बनविले नव्हते. तरी थोड्याच काळात नागरिकांनी आपण होऊन गाड्या नकाशावर दाखविणारे निरनिराळे प्रोग्रॅम लिहिले. सिअ‍ॅटल शहरात वॉशिंग्टन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी 'वनबसअवे' नावाचे साधन केले. ते वापरणाऱ्यांना आणि न वापरणाऱ्यांना थांब्यावर गाठून संशोधकांनी विचारले, की तुम्ही किती वेळ उभे आहात? वापरणाऱ्यांचे उत्तर सरासरीने साडेसात मिनिटे आले, न वापरणाऱ्यांचे जवळजवळ दहा. विशेष म्हणजे वापरणारे प्रत्यक्षातही सुमारे दोन मिनिटे कमी थांबत होते. बसगाड्या त्याच, रस्ते तेच, चालकही तेच. एकही नवी गाडी विकत न घेता थांब्यावरील माणसाचा भार हलका झाला.

सर्वांत मोठा दाखला लंडनचा. तेथील वाहतूक संस्थेने आपली माहिती खुली केल्यावर काय घडले याची पाहणी डेलॉइट या हिशेबतज्ज्ञ कंपनीने २०१७ साली केली. तीत असे दिसले, की त्या माहितीवर ६०० हून अधिक अ‍ॅप चालतात आणि ४२ टक्के लंडनकर त्यांपैकी कोणते ना कोणते वापरतात. प्रवाशांचा वाचलेला वेळ, नवे व्यवसाय, आणि स्वतः संस्थेचा वाचलेला खर्च धरून शहराला होणारा लाभ वर्षाला १३ कोटी पौंडांपर्यंत जातो, असा त्यांचा अंदाज आहे. असले अंदाज थोडे हात राखूनच स्वीकारावेत. पण निम्मा जरी खरा मानला तरी तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

येथे कोणी विचारील, की संस्थेने स्वतःच एक चांगले अ‍ॅप का करू नये? अवश्य करावे. पण एका अ‍ॅपने सर्वांचे भागत नाही. डोळ्यांनी न दिसणाऱ्या माणसाला पुढचा थांबा मोठ्याने सांगणारे साधन हवे असते. चाकाच्या खुर्चीवरून जाणाऱ्याला कोणत्या स्थानकावर उद्वाहक चालू आहे हे आधी कळावयास हवे. परप्रांतातून आलेल्या मजुराला त्याच्या भाषेत मार्ग हवा. रुग्णालयाला, शाळेला, कारखान्याच्या पाळीला प्रत्येकाला निराळेच काही हवे असते. इतक्या गरजा एका कार्यालयाला सुचणार नाहीत, आणि सुचल्या तरी निविदा काढून त्या भागवावयास आयुष्य पुरणार नाही. मुंबईच्या लोकलने प्रवास करणाऱ्यांना 'एम-इंडिकेटर' सुपरिचित आहे. २०१० पासून वापरात आलेले ते साधन कोणत्याही सरकारी योजनेतून निघाले नाही. ज्यांना गरज जाणवली त्यांच्या खटपटीतून ते आले.

आक्षेपांचा विचार

या विरुद्ध जे आक्षेप घेतले जातात ते सर्वच पोकळ आहेत असे आम्ही म्हणणार नाही. 'आमची माहिती अचूक नाही. ती खुली केली तर चुका चव्हाट्यावर येतील', हा पहिला आक्षेप. यावर उत्तर असे, की चुका आजही आहेतच. फक्त त्या थांब्यावर उन्हात उभ्या असलेल्या माणसाला भोगाव्या लागतात आणि कार्यालयाला कळत नाहीत. माहिती खुली केली की चूक कळविणारे हजार डोळे फुकट मिळतात. अट एवढीच, की कळविलेली चूक दुरुस्त करणारा एक तरी जबाबदार माणूस कार्यालयात नेमलेला हवा.

दुसरा आक्षेप खर्चाचा. २०१० च्या जूनमध्ये लंडनने भुयारी गाड्यांची क्षणोक्षणीची स्थिती खुली केली तेव्हा मागणीची एवढी झुंबड उडाली, की ती सेवा काही काळ थांबवावी लागली. तेव्हा यंत्रणा पुरेशी हवी, हे खरेच. पण ज्या गोष्टीसाठी झुंबड उडते तिची लोकांना गरज नव्हती असे तर कोणी म्हणणार नाही.

तिसरा आक्षेप, बड्या कंपन्या या माहितीवर गबर होतील. हा धोका माहिती खुली केल्याने वाढत नाही, एकाच कंपनीला दिल्याने वाढतो. जी माहिती गूगलला मिळते तीच, त्याच दिवशी, त्याच स्वरूपात, महाविद्यालयातील विद्यार्थ्यालाही मिळाली पाहिजे. याच संदर्भात आणखी एक सावधगिरी सांगावीशी वाटते. आजकाल गाड्यांवर स्थान सांगणारी यंत्रे बसविण्याचे काम कंत्राटाने दिले जाते. करार करतानाच त्या यंत्रांतून निघणारी माहिती संस्थेच्या मालकीची राहील व ती खुली करता येईल, असे कलम घातले नाही, तर पुढे स्वतःच्या गाड्या कोठे आहेत हे विचारावयास संस्थेलाच कंत्राटदाराच्या दारी जावे लागते.

चौथा आक्षेप सर्वांत गंभीर, आणि तो आम्हांला पूर्णपणे मान्य आहे. गाडीची माहिती वेगळी आणि गाडीत बसलेल्या माणसाची माहिती वेगळी. २०१४ साली न्यूयॉर्कच्या टॅक्सींच्या आदल्या वर्षीच्या १७ कोटींहून अधिक फेऱ्यांची नोंद एका नागरिकाने कायद्याने मागून घेतली व ती प्रसिद्ध झाली. टॅक्सींचे परवाना क्रमांक त्यात सांकेतिक करून लपविले होते. पण ती युक्ती इतकी कच्ची होती, की एका जाणकाराने काही तासांत ती उलगडून दाखविली. मग कोणता चालक केव्हा कोठे गेला हे उघड झाले, आणि वृत्तपत्रांतील छायाचित्रांशी मेळ घालून काही प्रसिद्ध व्यक्ती कोठून कोठे गेल्या तेही सांगता आले. तात्पर्य, जी माहिती संस्थेच्या वागण्याची आहे ती खुली करावी. जी नागरिकाच्या वागण्याची आहे ती जपावी. ही सीमारेषा आखणे नेहमी सोपे नसते, पण अवघड आहे म्हणून दोन्ही बाजूंना कुलूप ठोकणे हा उपाय नव्हे.

आपल्या घरचा वारसा

हे सर्व परदेशी खूळ आहे असे कोणास वाटत असेल, तर त्याने आपल्याच इतिहासाकडे पाहावे. ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेच सार्वजनिक सभेचे प्रेरक होते. १८७६–७७ च्या दुष्काळात सभेने जिल्ह्याजिल्ह्यांत आपली माणसे पाठवून पिके, गुरे, धान्याचे भाव व स्थलांतर यांची माहिती गोळा केली आणि ती सरकारपुढे व जनतेपुढे ठेवली. दादाभाई नौरोजींनी १९०१ साली ग्रंथरूपाने हिंदुस्थानच्या दारिद्र्याचा जो ताळेबंद मांडला, त्याचा आधार बव्हंशी सरकारचेच छापील अहवाल हा होता. सरकारने आकडे छापले नसते तर तो हिशेब मांडणे अशक्य झाले असते. आणि छापलेले आकडे कोणी जुळवून पाहिले नसते, तर ते दप्तरांत धूळ खात पडले असते. माहिती देणारा आणि ती वापरणारा, दोघेही लागतात.

कायद्याची बाजूही आज दुबळी नाही. महाराष्ट्राने २००२ साली माहितीच्या अधिकाराचा स्वतःचा कायदा केला आणि २००५ साली सबंध देशासाठी कायदा झाला. अर्ज करून माहिती मागणे, एवढाच त्या कायद्याचा अर्थ आपण सहसा घेतो. परंतु त्याचे चौथे कलम सांगते, की सार्वजनिक प्राधिकरणांनी आपले अभिलेख संगणकावर आणावेत आणि आपण होऊन इतकी माहिती प्रसिद्ध करीत राहावे, की लोकांना अर्ज करण्याची वेळ कमीत कमी यावी. इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठविलेली माहिती त्याच स्वरूपात मिळविण्याचा हक्कही दुसऱ्या कलमातील व्याख्येत आहे. त्यानंतर २०१२ साली केंद्र सरकारने माहिती सर्वांस उपलब्ध करून देण्याचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले, त्यासाठी एक संकेतस्थळ उघडले, आणि २०१७ साली अशा माहितीच्या वापराचा सरकारी परवानाही प्रसिद्ध केला.

प्रत्यक्ष वाहतुकीत २०१८ हे वर्ष उल्लेखनीय ठरले. त्या वर्षी कोची मेट्रोने आपले वेळापत्रक व भाडे वर सांगितलेल्या आराखड्यात सर्वांस खुले केले. त्याच वर्षी दिल्ली सरकारने तेथील इंद्रप्रस्थ माहिती तंत्रज्ञान संस्थेच्या साहाय्याने बसगाड्यांची ठरलेली व क्षणोक्षणीची माहिती खुली करणारे व्यासपीठ उभे केले. म्हणजे हे काम आपल्या देशात, आपल्या गर्दीत, आपल्या रस्त्यांवर होऊ शकते, याविषयी शंका उरलेली नाही.

आणि जेथे द्यावयास माहितीच नाही तेथे? केनियाची राजधानी नैरोबी येथे बहुतेक लोक 'मटाटू' नावाच्या खाजगी गाड्यांतून हिंडतात. आपल्याकडील वडापसारखाच तो प्रकार. त्यांचा ना नकाशा होता, ना वेळापत्रक. नैरोबी विद्यापीठाचे विद्यार्थी मोबाइल घेऊन त्या गाड्यांतून फिरले. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठ व एमआयटी येथील संशोधकांनी साहाय्य केले. आणि १३० हून अधिक मार्गांची नोंद करून २०१४ साली ती त्यांनी सर्वांस खुली केली. त्यावरून काढलेला नकाशा पुढे शहराच्या प्रशासनाने अधिकृत म्हणून स्वीकारला. दुष्काळात खेडोपाडी फिरणाऱ्या सार्वजनिक सभेच्या माणसांची आणि या विद्यार्थ्यांची जात एकच आहे.

पुढे काय करावे

मात्र उत्साहाच्या भरात एक चूक होते, तिचा इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. २००८ साली वॉशिंग्टन शहराने आपली माहिती खुली करून स्पर्धा लावली. ५० हजार डॉलर खर्चात ३० दिवसांत ४७ अ‍ॅप तयार झाली व सर्वत्र वाहवा झाली. पण त्यांतील पुष्कळशी पुढे टिकली नाहीत. बक्षीस मिळाले, कर्ते आपापल्या उद्योगाला लागले. स्पर्धा भरविणे हे मंडप घालण्यासारखे आहे. उत्सवापुरता तो शोभतो. रोजच्या वस्तीला घर लागते, आणि घराची डागडुजी दरवर्षी करावी लागते. ज्या दिवशी बसचा मार्ग बदलतो त्याच दिवशी तक्ता बदलला नाही, तर जुनी माहिती ही माहिती नसण्याहून वाईट. कारण ती माणसाला चुकीच्या थांब्यावर विश्वासाने उभे करते.

म्हणून नगरपालिकांकडे व वाहतूक संस्थांकडे आमचे मागणे भव्य नाही. थांबे, मार्ग, फेऱ्या व वेळा मान्य आराखड्यात एका कायमच्या पत्त्यावर ठेवाव्यात. वापराची परवानगी दोन ओळींत, पण लेखी द्यावी. बदल त्याच दिवशी नोंदवावा. गाड्यांच्या माहितीवरील हक्क कंत्राटात राखून ठेवावा. गेल्या महिन्याच्या, गेल्या वर्षीच्या नोंदी पुसून न टाकता जपून ठेवाव्यात, म्हणजे कोणत्या वस्तीला कबूल केलेल्या फेऱ्यांपैकी किती खरोखर मिळाल्या, हे अभ्यासकाला मोजता येईल. हे शेवटचे मागणे सर्वांत कमी खर्चाचे आणि देणाऱ्याला सर्वांत जड जाणारे आहे, याची आम्हांला कल्पना आहे. शहराच्या कडेला राहणाऱ्या, पहाटे कामाला निघणाऱ्या बाईची फेरी वारंवार रद्द होते, ही आज नुसती तक्रार असते. अर्जावर अर्ज करूनही तिला 'पुरावा काय' असे विचारले जाते. नोंदी खुल्या असल्या तर पुरावा संस्थेच्याच तक्त्यांत सापडेल.

आणि नागरिकांकडे, विशेषतः ज्या तरुण मंडळींना प्रोग्रॅम लिहिता येतात त्यांच्याकडे, मागणे असे, की मिळालेली माहिती वापरावी, तिच्यातील चुका सभ्यपणे कळवाव्यात, आणि एकदा उचललेले काम मध्येच टाकू नये.

हे सगळे झाले म्हणजे ती चौकशीची खिडकी बंद होईल काय? होऊ नये. ज्या आजीबाईंजवळ मोबाइल नाही, किंवा आहे पण त्यातले वाचता येत नाही, त्यांना ती लागणारच. फरक एवढाच पडेल, की खिडकीतल्या नियंत्रकांपुढेही तीच ताजी माहिती असेल, बाहेरची दाटी ओसरलेली असेल, आणि 'आमची गाडी किती वाजता?' असे आजींनी विचारले तर त्यांना 'लागेल आता' असे म्हणावे लागणार नाही.